हळदीचा आळ

शरयू बोधनकरचा विषय निघाला की आमचे हे म्हणतात, "सरला, जरा दमानं. झालं गेलं ते. तुझा आवाज अजून चढतो." चढणारच. यांच्या कंपनीत कोणी यांना म्हणालं असतं ना, की तुमचे आकडे खोटे आहेत कारण तुम्ही जेवता ते पिवळं असतं, मग बघितलं असतं मी यांचा दम. दुसऱ्याच्या अपमानावर पांघरूण घालायला काय लागतं?

शरयू यवतमाळची. वडील जंगल खात्यात, दर तीन वर्षांनी बदली, त्यामुळे पोरगी झाडाझुडपांतच वाढली. नागपूरला बॉटनी घेऊन एम.एस्सी. केलं, पहिली आली. घरात स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा हिने गुपचूप परदेशी अर्ज टाकले. थोरला भाऊ प्रल्हाद चिडून म्हणाला, "अमेरिकेत जाऊन पालापाचोळाच बघणार ना तू?" ही म्हणाली, "हो. पण नीट बघणार." ब्याऐंशी सालच्या ऑगस्टमध्ये ती मिशिगनमधल्या ॲन आर्बरला आली पीएच.डी. करायला. माझी तिची ओळख तिथल्याच बसमध्ये झाली. नोव्हेंबर होता, बाहेर बर्फ भुरभुरत होता आणि ही दोन स्वेटरांवर शाल गुंडाळून कुडकुडत उभी होती. मी सरळ विचारलं, "मराठी का गं?" हो म्हणाली. तिला घरी आणलं, माझा जुना कोट दिला आणि तेव्हापासून रविवारचं जेवण आमच्याकडे ठरून गेलं.

ती काय करते ते मला कळायला वेळ लागला. मी साधी बी.ए., मला सायन्सचं काय कळतंय. एकदा म्हणाली, "ताई, चला, दाखवतेच." डिपार्टमेंटच्या तळघरात एक अंधारी खोली होती. तिथे तो मायक्रोस्कोप. त्याला मागून एक भला मोठा पाऱ्याचा दिवा जोडलेला. तो दिवा सारखा चालू-बंद करायचा नाही, एकदा लावला की लावला. मिशिगनच्या जंगलात एक बुटकं रोप येतं, त्याचं मूळ मोडलं तर आतून पिवळंधमक. त्या पिवळ्या रंगातलं औषधी द्रव्य म्हणजे बर्बेरीन, आपल्या दारुहळदीत असतं तेच, स्वयंपाकातल्या हळदीत नव्हे. शरयूचा प्रश्न एवढाच होता की ते द्रव्य रोपाच्या नेमक्या कोणत्या पेशींत साठतं. तिने काचपट्टीवर देठाचा एक काप ठेवला. आधी साध्या उजेडात मला फिकट जाळी दिसली, बाकी काही नाही. मग तिने दिव्यासमोर कसलीशी रंगीत काच सरकवली आणि सगळं काळं झालं. त्या काळोखात पेशींच्या भिंती निळसर दिसायला लागल्या, देठातला हिरवा अंश चक्क लाल, आणि मधल्या शिरांभोवती सोनेरी ठिपक्यांचं कडं. वरून कसलाही रंग घातलेला नव्हता. जे होतं ते झाडाचं स्वतःचं होतं. मी बघतच राहिले तर म्हणाली, "पुरे आता ताई. त्या उजेडात जास्त वेळ ठेवलं की विझत जातं. मला फोटो घ्यायचाय."

तिचे कापही बघण्यासारखे असत. तिथली बाकीची मंडळी रोपाचा तुकडा मेणात बसवून मशीनवर कापत. पण मेणात बसवायचं तर आधी अल्कोहोलमध्ये बुडवावं लागतं, आणि अल्कोहोलमध्ये ते पिवळं द्रव्य धुऊनच जातं. म्हणजे मग बघायचं काय? शरयू कापायची आपल्या कॉलेजात शिकवतात तसं, ताजा देठ बटाट्याच्या फोडीत धरून, अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये, हातात उघडं ब्लेड. पाण्यात टाकला की दिसूही नये इतका पातळ काप. तिचे प्रोफेसर डॉ. हॉल्ब्रुक आल्यागेल्याला तिला कापून दाखवायला लावायचे. कौतुक होतं तोपर्यंत सगळं छान होतं.

त्या लॅबमध्ये आणखी एक मराठी मुलगा होता, नरेंद्र. पुण्याचा, शरयूला सिनियर. हुशार, बोलघेवडा, आणि गोऱ्या माणसाला हसवायला मिळालं की स्वर्ग दोन बोटं. शरयू प्रोफेसरांना "सर" म्हणायची, हा "बॉब" म्हणायचा. आपल्याकडच्या गर्दीवर, आपल्याकडच्या नळावर, आपल्या आईच्या इंग्लिशवर याचे विनोद चालायचे. आमच्याकडे रविवारी जेवायला यायचा तोही, आणि जेवताना देशाच्या आठवणीने गहिवरायचा. दोन्ही खरंच असेल, मी काही त्याच्या पोटात शिरले नव्हते.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत मी संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. थंडी अशी, की बायका कोटाच्या आत शालू नेसून आल्या. शरयू दुपारी आली, हळदीकुंकू घेतलं, तिळगूळ घेतला आणि थेट लॅबमध्ये गेली, कारण त्या दिवशी मायक्रोस्कोपची पाळी तिची होती. तिने साबणाने हात धुतले, हातमोजे घातले. त्या दिवशी नवीन असं काही तिने कापलंही नाही, आधीच्याच काचपट्ट्या बघितल्या. पण कपाळावरची हळद डॉ. हॉल्ब्रुकांनी बघितली आणि कुतूहलाने विचारलं, हे काय आहे म्हणून. तिने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी लंचला सगळे बसले असताना नरेंद्र म्हणाला, "बॉब, आमच्याकडे सगळ्यालाच हळद असते. आमटीला हळद, नवरीला हळद, जखमेला हळद. तुमच्या त्या दिव्याखाली माझ्या आईला उभं केलं ना, तर ती नखशिखांत चमकेल." सगळे खो खो हसले. आणि मग, हसता हसता, डॉ. हॉल्ब्रुक थांबले. "हळद चमकते?" त्यांनी विचारलं. नरेंद्र म्हणाला, "चमकते की. पिवळीधमक."

खरंच चमकते. त्यात खोटं काही नाही. पण पुढे काय झालं बघा. देठातलं ते सोनेरी कडं शरयूने शोधलं होतं, तोवर सगळे म्हणत होते की ते द्रव्य फक्त मुळात साठतं. देठातल्या त्या कड्यावर तिचा सगळा प्रबंध उभा होता. डॉ. हॉल्ब्रुकांनी तिला ऑफिसमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "तू हाताने कापतेस. तुझ्या बोटांना तो मसाला असतो. मला वाटतं तू तुझं स्वयंपाकघर बघते आहेस, झाड नाही."

शरयू म्हणाली, "सर, मसाला लागला तर तो कापावर कुठेही लागेल. शिरांभोवती बरोबर गोल कडं करून कसा लागेल? आणि मुळाच्या कापातही माझीच बोटं होती, ते कसं चाललं?" ते म्हणाले, "मुळात ते असतं हे आपल्याला माहीतच आहे." मग ती म्हणाली, "सोपी परीक्षा आहे. चुन्याची निवळी टाकून बघू. हळद असेल तर लाल होईल, झाडाचं द्रव्य पिवळंच राहील." अहो, हळद आणि चुना एकत्र आला की लाल होतं, कुंकू तसंच करतात. पुस्तकातही आहे ते. तर हा माणूस काय म्हणाला माहितीये? म्हणाला, "तुझ्याच हातांनी केलेली परीक्षा मी कशी मानू?"

हे मला तिने आमच्या स्वयंपाकघरात सांगितलं तेव्हा माझ्या हातातला झारा तसाच राहिला. तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं बोललीस असं तोंडावर म्हणाला असता तरी पत्करलं असतं. हा म्हणत होता की तुझे हातच पुराव्याला अपात्र आहेत. तिला मायक्रोस्कोपच्या खोलीत जायची बंदी झाली. वर सल्ला मिळाला की पीएच.डी. नाही जमत असं दिसतंय, मास्टर्स घे आणि जा. मास्टर्स तर तिने नागपूरलाच केलं होतं. तेच परत घेऊन घरी जायचं, प्रल्हाददादापुढे उभं राहायचं आणि सांगायचं की हात खराब निघाले.

नरेंद्र त्या रविवारी नेहमीसारखा आला. मी ताटात वरणभात वाढला आणि विचारलं, "काय रे, बोलला होतास ना हळदीबद्दल? मग आता जाऊन सांग की बाबा, शरयूचं काम मी बघितलंय, चोख आहे."

"वहिनी, जोक होता यार," तो म्हणाला. "मला काय माहीत बॉब इतका सीरियस घेईल. आणि आता मी मध्ये पडलो तर वाटेल आम्ही इंडियन लोक एकमेकांना झाकतोय. माझं रेकमेंडेशन लेटर त्याच्याकडूनच यायचंय. शरयूने थोडं ॲडजस्ट करावं. म्हणावं, असेल थोडी हळद लागली, परत करते. संपलं."

"नाही लागलेली," शरयू म्हणाली.

"अगं, पण म्हणायला काय जातं?"

शरयूने पुढचा घास घेतला. मी त्याच्यापुढचं ताट उचललं नाही, कारण आमच्या घरची ती रीत नाही. पण लिंबाची फोड मात्र वाढली नाही, आणि पुढच्या रविवारी त्याला बोलावलंही नाही.

मग डॉ. हॉल्ब्रुकांनी लिंडाला कामाला लावलं. लिंडा तिथली टेक्निशियन, सरळ बाई. तिला हाताने कापायला शरयूनेच शिकवलं होतं. लिंडाने हातमोजे घालून, नवीन ब्लेडने, नवीन देठ कापले. आणि कडं दिसलं. तसंच, शिरांभोवती, सोनेरी. आता तरी संपायला हवं होतं की नाही? पण पट्टीच्या कडेला एक पिवळा फराटाही चमकताना दिसला, बोट पुसल्यासारखा. लगेच साहेब म्हणाले, "बघा. त्या मुलीने खोलीभर हळद करून ठेवलीये. इथलं काहीच धरता येणार नाही." शरयू त्या खोलीत कित्येक आठवडे फिरकली नव्हती. स्वच्छतेचा एवढा सोस होता तर खोली कोणी पुसली का नाही, हा प्रश्न कोणालाच पडला नाही.

पुढचं सगळं घडलं ते आमच्या एका सवयीमुळे. आम्ही शाकाहारी बायका इथल्या दुकानात गेलो की बाटली न् बाटली वाचतो. बिस्किटात चरबी, दह्यात जिलेटिन, बीन्सच्या डब्यात डुकराचं मांस, कशात काय सापडेल याचा नेम नाही. आमचे हे दुकानाच्या दारात उभे राहून घड्याळ बघतात आणि आम्ही आपल्या चष्मा वर-खाली करत बारीक अक्षरं लावत बसतो. त्या शनिवारी शरयू माझ्याबरोबर होती. शेजारच्या मुलाचा वाढदिवस होता, त्याच्या आईने मला मस्टर्ड आणायला सांगितलं होतं, ती पिवळी पातळ मोहरी असते ना, सॉसेजवर ओततात ती. आपल्याला ती खायची नव्हती, तरी मी सवयीने वाचली. पाणी, व्हिनेगर, मोहरी, मीठ, टर्मरिक.

"अगं, यात आपली हळद," मी म्हटलं आणि बाटली ट्रॉलीत टाकली.

शरयूने ती परत बाहेर काढली आणि वाचली. मग तिथेच, लोकांच्या वाटेत उभी राहून म्हणाली, "ताई, सर रोज हेच खातात."

मला आधी कळेना. मग तिने सांगितलं. त्या खोलीत खायला बंदी होती, दारावर तशी पाटीच होती. पण दिवा सारखा बंद करता येत नाही, म्हणून डॉ. हॉल्ब्रुक स्वतः दुपारी सँडविच घेऊन तिथेच बसत. एका हातात मस्टर्ड लावलेलं सँडविच, दुसऱ्या हाताने मायक्रोस्कोपची चकती फिरवायची. सगळ्यांनी बघितलेलं. कोणाला काही वाटलं नव्हतं, कारण ते अमेरिकन जेवण होतं.

तिला खोलीत जायला बंदी, म्हणून तिने लिंडाला ती बाटली दिली आणि काय करायचं ते सांगितलं. लिंडाने एका पट्टीवर मस्टर्डचा ठिपका लावला. दिव्याखाली तो पिवळाधमक चमकला. चुन्याची निवळी टाकली, साध्या उजेडात बघितलं, लालसर तपकिरी. मग ओला कापूस घेऊन तिने मायक्रोस्कोपची चकती पुसली, टेबलाची कड पुसली, पट्टीवरचा तो फराटा पुसला. कापसावर निवळी टाकली. लाल. शेवटी देठाच्या कापावर टाकली. कडं पिवळंच राहिलं, जागचं हललंसुद्धा नाही.

लिंडाने ते सगळं सरळ नेऊन साहेबांच्या टेबलावर मांडलं, शरयूला बरोबर घेऊन. साहेबांनी कापूस बघितला, आपला हात बघितला आणि हसायला लागले. "अरेच्चा, गंमतच झाली," म्हणाले. गंमत. एका मुलीचं शिक्षण बुडत होतं आणि यांना गंमत सुचत होती. बंदी उठली. चुकलो हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. शरयू वाट बघत उभी राहिली, मग त्यांनी टेबलावरचे कागद उचलले तेव्हा ती बाहेर आली.

आणि एवढ्यावर थांबले असते तरी मी म्हटलं असतं, जाऊ दे. शहाऐंशीत तिचा प्रबंध लिहून झाला. चुन्याच्या निवळीच्या परीक्षेबद्दल तिने लिहिलं होतं, साहेबांनी तिथे आपल्या हाताने एक वाक्य घातलं. ही संशोधिका घरी नियमित हळद हाताळत असल्यामुळे ही खबरदारी घेतली आहे. शरयूने ते काढलं. त्यांनी परत घातलं. तिने परत काढलं आणि म्हणाली, "सर, लिहायचंच असेल तर खोलीत मस्टर्ड सापडलं असं लिहू." ते म्हणाले, "ते अप्रस्तुत आहे." तिची हळद प्रस्तुत, यांची अप्रस्तुत. शेवटी दोन्ही गळालं आणि नुसतं एवढंच राहिलं की बाहेरची हळद लागली आहे का हे तपासलं. मी तिला म्हटलं, "मिळव आता डिग्री आणि सुट." ती म्हणाली, "हो, तेच करणार आहे."

तिचा शेवटचा जाहीर व्हायवा मी बघायला गेले. कोणीही बसलं तर चालतं म्हणे. मी चांगली पैठणी नेसून मागच्या रांगेत बसले. पुढे परीक्षक, मध्ये डॉ. हॉल्ब्रुक. नरेंद्रही आला होता, भिंतीला टेकून उभा. दिवे मालवले आणि शरयूने एकेक फोटो दाखवला, मुळातले ठिपके, देठातलं कडं. आवाज अगदी शांत. मला अर्धं कळलं नाही तरी मी प्रत्येक फोटोला मान डोलावत होते.

मग केमिस्ट्रीचे एक म्हातारे प्रोफेसर होते परीक्षकांत, त्यांनी सहज विचारलं, "काम सुरेख आहे. पण प्रत्येक कापावर तू ही चुन्याची परीक्षा केलीस. इतकी का? तुला नेमकी भीती कशाची होती?"

डॉ. हॉल्ब्रुकांनी पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे बघितलं. ती नजर मला मागच्या रांगेतून कळली. अजून सह्या व्हायच्या होत्या. ती म्हणू शकली असती, खबरदारी म्हणून. कोणी काही विचारलं नसतं. नरेंद्र तर मानेने तिला खूणच करत होता, सोड, सोड.

"मला भीती नव्हती, सर," शरयू म्हणाली. "माझ्या हातांची हळद कापाला लागते असा आरोप झाला होता. माझं काम बंद केलं होतं. तपासल्यावर खोलीत हळद सापडली, पण ती डॉ. हॉल्ब्रुक यांच्या सँडविचमधल्या मस्टर्डची होती. त्यानंतर मी प्रत्येक काप तपासला, म्हणजे पुन्हा कोणावरच तसा आळ येऊ नये."

ते म्हातारे प्रोफेसर डॉ. हॉल्ब्रुकांकडे वळून म्हणाले, "हे खरं आहे?" डॉ. हॉल्ब्रुकांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. ते म्हणाले, "हो. खरं आहे." त्या सगळ्या प्रकरणात त्यांच्या तोंडून निघालेलं तेवढंच एक सरळ वाक्य.

तिला बाहेर थांबायला सांगितलं. कॉरिडॉरमध्ये मी तिचा हात धरून उभी राहिले. मी म्हटलं, "कशाला बोललीस गं? आता नाही दिली तर?" ती म्हणाली, "नाही तर नाही." आतून बोलण्याचे आवाज येत होते, त्यातला एक चढलेला. मग दार उघडलं आणि ते केमिस्ट्रीचे म्हातारेच बाहेर आले आणि तिला डॉक्टर म्हणाले.

नरेंद्र अभिनंदन करायला पुढे झाला. "काय बोललीस यार तू, कमाल केलीस," म्हणाला. शरयू म्हणाली, "हेच तू दीड वर्षापूर्वी बोलला असतास तर मला बोलावं लागलं नसतं." तो आपला बुटांकडे बघत राहिला.

बसस्टॉपवर आम्ही दोघीच होतो. मी आनंदाने बडबडत होते, घरी जाऊन गोड काय करायचं ते ठरवत होते. मी म्हटलं, "अगं, हस की जरा, डॉक्टर झालीस." तेव्हा तिचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा रडताना बघितलं.

"ताई, मला हसू येत नाही, राग येतोय," ती म्हणाली. "देठात काय आहे ते मी हा आळ यायच्या आधीच दाखवलं होतं. त्यानंतर आजपर्यंत मी नवीन काही शोधलं नाही. माझा सगळा वेळ मी खरं बोलते एवढं सिद्ध करण्यात गेला. बाकीच्यांना तेवढा विश्वास पहिल्या दिवशी फुकट मिळतो."